हातोडी आणि कान

एक वाजला की मी साइटवर पोचते.
आमच्या अदिसमध्ये एक म्हणजे सूर्य उगवून तास झाला.
दिवस उजेडापासून मोजायचा, मध्यरात्रीपासून कशाला?

कोतेबेच्या चढावर सहा मजले,
आणि बाहेरून वासेच वासे,
निलगिरीचे, सालीसकट,
एका वाशाला तर सुकलेल्या पानांचा तुरा अजून तसाच.
बाहिर झाफ म्हणतो आम्ही, समुद्रापलीकडचं झाड.
खापरपणजोबांच्या काळात आलं,
अजून पाहुणंच.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे घर उभं राहायच्या आधीच फिरतात:
शाळेवरून दवाखान्यावर, दवाखान्यावरून हॉटेलवर,
प्रत्येक ठिकाणी थोडे आखूड होत.
खिळेही तेच. दगडावर ठोकून सरळ केलेले.
तिसऱ्यांदा वाकलेला खिळा मी चिमटीत धरून बघते
आणि खिशात टाकते. परत देत नाही.

वहीत रकाने आहेत: पाया, तिरपे आधार, कठडा,
फळ्यांमधली फट, दोऱ्यांच्या गाठी.
आवाजाचा रकाना नाही.
पण मी वाशाला हातोडी लावते आणि कान देते.
धड वासा टणकन बोलतो.
कुजका नुसतं हं म्हणतो,
दुसरीकडे बघत हं म्हणणाऱ्या माणसासारखा.

हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही.
नऊ वर्षं खडीचा पाट वाहिला मी, दोघींनी धरायचा,
मी पुढे, झुरियाश मागे.
पुढचीला फळी दिसते. मागचीला फक्त पुढचीची पाठ.
एका शुक्रवारी, पाचव्या मजल्यावर,
मागचं वजन एकदम हलकं झालं.

आज चौथ्या मजल्यावर, कोपऱ्यापासून तिसरा वासा
हं म्हणाला.
पुन्हा मारली. हं.
मुकादम आश्चालेव खालून ओरडला,
"वैझेरो वोईनशेत, तो मागच्या महिन्यातलाच आहे, कोवळा!"
मी लाल चिंधी बांधली. दोन गाठी.

मग खाली सगळं थांबलं.
मिक्सर थांबला, आणि त्यामागे लपलेला पक्ष्यांचा गलका ऐकू आला.
बायका पाट उलटे करून त्यावर बसल्या.
कुणी मला काही बोललं नाही,
येशीहारेग सोडून. एकोणीस वर्षांची असेल, पायात दोन वेगळ्या चपला.
"वासा उद्या बदलतील.
आजची रोजी कोण बदलून देणार?"

मी वहीत बघितलं.
वहीत बघायला काही नव्हतं, तरी बघितलं.

नऊच्या सुमारास, म्हणजे ऊन तिरपं झाल्यावर,
वासा उतरवून करवतीनं कापला.
आश्चालेवनं तुकडा माझ्यापुढे धरला:
काळा डाग, वीतभर, बाकी लाकूड पांढरं, ओलसर, छान.
"एवढंसं," तो म्हणाला. "टिकला असता."
असेल.
न पडलेल्या माणसाचा पुरावा मी कुठून आणू?
मी लिहिलं: चौथा मजला, वासा एक, काढला.

तुकडे कॉफीवालीनं नेले.
निलगिरीचा धूर, सर्दीच्या औषधासारखा,
सगळ्यांच्या डोळ्यांना सारखाच झोंबला.
पहिला कप, दुसरा कप. बायका गोल करून बसलेल्या.
मी बाजूला, सिमेंटच्या गोणीवर.
तिसरा कप बरकतीचा, तो चुकवून उठायचं नसतं,
पण मला तर पहिलाही कुणी दिला नव्हता.

येशीहारेग उठली.
कप नाही आणला तिनं.
माझ्या हातातली हातोडी घेतली, बाजूच्या वाशापाशी गेली,
मारली, आणि डोकं तिरपं करून
उभी राहिली.