मुक्कामाचं गाव

बस खिंडीच्या अलीकडेच सोडते.
पुढचे आठ किलोमीटर पायांचे.
वाटेत जागोजागी पितळी घंटा टांगलेल्या,
शेजारी पाटी: अस्वलासाठी वाजवा.
मी वाजवली. जरा जास्तच वाजवली.
अस्वल आलं नाही;
पाठीवर करंडी घेतलेला एक म्हातारा आला
आणि काहीतरी म्हणाला,
बहुतेक, "एकदा पुरे."

गाव म्हणजे एकच रस्ता.
काळपट लाकडाची घरं, वरचा मजला पुढे झुकलेला,
कुणी येतंय का बघायला.
विजेचे खांब मागच्या गल्लीत दडवलेत.
थंड पेयांच्या यंत्रालाही लाकडी जाळीचा बुरखा.
आत ते गुरगुरत होतं.
म्हटलं, हेच ते अस्वल.

इसोए-सान चौऱ्याऐंशीच्या.
उठताना खांबाला धरतात;
खांब तिथे तळव्याएवढा गुळगुळीत.
माझं जपानी तुटकं, त्यांना कमी ऐकू येतं,
मधलं काम चहानं केलं.
घर किती जुनं?
त्यांनी बोटं मोडली, मग सोडून दिली.
सासूची सासू नवरी होऊन आली
तेव्हा जिना आधीच कुरकुरत होता.

"इथे घोडे बदलायचे, हमाल बदलायचे.
माणसं एक रात्र झोपायची,
सकाळी गवताच्या नव्या चपला घालून निघायची.
जुन्या चपला आमच्या मुळ्यांना खत.
राहायला म्हणून हे गाव कुणी बांधलंच नाही."

रात्री मासा आला, काडीवर असा वळवलेला
की मिठातही पोहतोय.
मग वही आली.
नाव. कुठून. किती रात्री. पुढे कुठे.
माझ्या वरच्या ओळीत आडनाव त्यांचंच.
नागोयाहून. एक रात्र.

"मुलगा," त्या म्हणाल्या.
"ऑगस्टात आला होता, पितरांच्या दिवसांत."
मग वहीत कशाला?
"जो येतो तो लिहितो.
नियम घराचा आहे, माझा नाही."

शेवटच्या रकान्यात एकच अक्षर होतं.
तेवढं मला वाचता येत होतं:
घर.

माझा रकाना मी कोराच ठेवला.
त्यांनी बघितलं, काही म्हणाल्या नाहीत,
पेनाला टोपण लावलं.

सकाळी वळणापर्यंत त्या दारात वाकून उभ्या.
वळणावर घंटा.
या वेळी एकदाच वाजवली.
मग आठवलं, त्यांना कमी ऐकू येतं,
आणि पुन्हा वाजवली.