शेवटचा रकाना

मुखेडच्या दवाखान्यातून आल्यावर
आठ दिवस रजिस्टर उघडलं नाही.
मी गावची आशा. गरोदर बायांची नावं
माझ्याच अक्षरात.
सत्ताविसाव्या ओळीत मीही:
अनसूया केरबा, वय एकोणतीस, खेप पहिली.

शेवटच्या रकान्यात काय लिहायचं
ते ट्रेनिंगात शिकवलंय.
दुसऱ्यांचं लिहिताना
हात कधी अडला नाही.

शेजारीण म्हणाली, नासलं गं, होईल पुन्हा.
नासायला ते काय दूध होतं?
केरबा काहीच बोलला नाही.
चिंचेची बरणी तेवढी
फळीवर मागं सरकवली,
मला दिसू नये म्हणून.
मला दिसली.

आज मंगळवार, लसीकरण.
रुक्मानबाईची सून कानाशी आली,
दिवस गेलेत वाटतं.
फोलिकची पट्टी दिली.
म्हटलं, रोज एक, विसरायची नाही.
आवाज माझाच,
दोन घरं पलीकडून आल्यासारखा.

अठ्ठाविसाव्या ओळीत तिचं नाव लिहिलं.
वरची ओळ राहू दिली तशीच.
महिनाअखेर सिस्टर विचारतील,
तेव्हा बघू.

रात्री जेवण झाल्यावर
मीच बरणी काढली.
एक बुटूक त्याला, एक मला.
चिंचोका बराच वेळ
कुणीच थुंकला नाही.