दुसरं दळण

धंतोलीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, गहू बंद.
पुढे 'कायमचा' लिहून खाली रेघ मारली.
मिहिका सात वर्षांची. तिने विचारलं,
कायमचा म्हणजे पोळ्यालासुद्धा?

घरी येऊन बायकोने डबे उपसले.
रवा गेला, शेवया गेल्या, बिस्किटांचा पुडा
शेजारच्या खोब्रागडे काकूंकडे गेला.
हिंगाच्या डबीवर मुंगीएवढ्या अक्षरांत
गहू निघाला तेव्हा ती ओट्याला टेकून
खालीच बसली, आणि हसायलाच लागली.
आता हिंगावरही भरवसा नाही, म्हणाली.

पोळा दोन दिवसांवर.
मानेवाड्याच्या चक्कीवर डब्यांची रांग
पार पानठेल्यापर्यंत, सगळे डबे गव्हाचे.
मी ज्वारीची पिशवी लेकरासारखी छातीशी धरून
शालिकभाऊंना म्हटलं,
दळून द्या, पण चक्कीत गव्हाचा कण नको.
मागून कोणीतरी: सोवळं हाये का बे तुमच्याकडं?
मी तोंड उघडलं. कुठून सुरुवात करायची ते कळेना.

शालिकभाऊ पट्टा सोडता सोडता म्हणाले,
दगड काही धुता येत नाही, बाप्पा.
उद्या पाटाले टाकी लावाची हाये. पहाटे पाचले ये.
पहिलं दळण किरकिरीचं, थे मी फेकतो.
दुसरं तुह्या पोट्टीचं.

पाचला अंधारात छिन्नीचा आवाज, टक टक टक.
डोक्याला टॉर्च बांधून शालिकभाऊ
पाटाच्या खाचा उजळत होते.
कोपरे ब्रशने झाडले, पट्ट्याखालचं जुनं पीठ
फुंकून फुंकून काढलं, भुवया पांढऱ्या झाल्या.
आपल्याच घरचे दोन किलो तांदूळ ओतले,
दळले, उकिरड्यावर टाकले.
पैसे विचारले तर म्हणाले, ज्वारीचे दे.

त्या पिठाची उकड काढली,
इसबगोल घातलं, चमचाभर तूप.
लाटली तर फाटली. थापली तर तव्यावर
पुरण बाहेर आणि पोळी आत.
चौथी जमली. म्हणजे जमली असं आम्ही ठरवलं.
गूळ नेहमीपेक्षा कमी, जायफळ जास्त,
कडेला करपलेला नकाशा.
मिहिकाने त्यावर तुपाची धार धरली,
म्हणाली, ही पोळी थोडी खडबडीत आहे,
बैलाच्या जिभेसारखी.
तिने बैलाची जीभ कधी पाहिली, विचारायचं राहिलं.

तान्ह्या पोळ्याला तिचा लाकडी हौशा
चाकांवर खडखडत दारोदार.
कोणी करंजी दिली, कोणी मठरी, कोणी दहाची नोट.
ती प्रत्येक दारात तेच सांगत होती,
मला चालत नाही, बैलाला चालतं,
आणि हौशाच्या शिंगांत करंज्या अडकवत होती.
खोब्रागडे काकूंच्या दारात मात्र थबकली.
काकूंनी नवाकोरा डबा उघडला, आत
राजगिऱ्याचे लाडू, संत्र्याच्या सालीचा वास.
झाऱ्यासुद्धा नवीन घेतला गं, त्या म्हणाल्या,
झाऱ्याचं काय काम होतं लाडवांना, कोण जाणे.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी.
दर बुधवारी ऑफिसमधून येताना
मी इतवारीत एका हॉटेलात गव्हाची पोळी खातो,
मऊ, पदर सुटलेली.
बाहेरच्या नळावर हात धुतो, मिशी धुतो,
शर्टावरचे कण झटकतो,
आणि कुणाकडून तरी येतोय असा घरी येतो.

मारबतीची मिरवणूक बघायला तिला खांद्यावर घेतलं होतं.
गर्दी ओरडत होती, इडा पिडा घेऊन जा गे मारबत,
खोकला, महागाई, खड्डे, घेऊन जा गे मारबत.
तीही वरून ओरडली,
गहू घेऊन जा गे...
आणि थांबली. वाकून माझ्या कानात म्हणाली,
गहू नको. तो तुम्हाला लागतो ना बुधवारी.

काळी मारबत पुढे गेली.
माझ्या केसांत तिचे लाडवाचे चिकट हात.
पुढच्या बुधवारी काय करणार, मला माहीत नाही.
शालिकभाऊंना मात्र सांगून ठेवलंय,
दिवाळीच्या आधी टाकी कधी लावणार ते.