दर्शन : निरंक

पहाटे साडेपाचला पिंपळबोडीच्या गेटवर
नाव पुकारलं, तेव्हा वाटलं
दुसऱ्याच कुणाचं आहे.
मोनाली नन्नावरे, पाळी क्रमांक एकोणतीस.
खाकी शर्ट, खांदे माझ्याहून चार बोटं रुंद,
शिवणाऱ्यानं पुरुषच धरला होता मनात.
बाही दुमडून मायनं पिन लावून दिलेली.

खेमराजभाऊनं जिप्सी काढली, हळूच म्हणाला,
"भेव नोको. काई नाई सुचलं तं झाडं सांग."

मागं नाशिकचे पाच जण आणि एक लेन्स,
तान्ह्या लेकरासारखी मांडीवर निजवलेली.
फाटक पुरतं उघडायच्या आत पहिला प्रश्न :
वाघ दिसेल ना?
प्रशिक्षणात सांगितलं होतं, हो म्हणायचं नाही,
नाहीही म्हणायचं नाही.
प्रयत्न करू सर, म्हटलं.
आवाज घशातून नाही, शर्टातून आला.

मग पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं.
हा ऐन, साल मगरीच्या पाठीसारखी.
ही कराई, चांदण्यात पांढरी दिसते
म्हणून भुत्या झाड. हिला परीक्षेत दोन मार्क होते.
तो क्रेस्टेड सर्पंट ईगल.
(गावात आम्ही त्याला घार म्हणतो
आणि कोंबड्या झाकतो.)

तिसऱ्या वळणावर, धुळीत, ठसा.
थांबा, म्हणाले मी, भाऊचा पाय ब्रेकवर जायच्या आधी.
कडा ढासळल्या नव्हत्या अजून.
भोवतीची धूळ दवानं बसलेली, ठशातली कोरडी.
हे पुस्तकात होतं का, आठवेना.
आठवलं ते असं :
दहा वर्षांची होते तेव्हापासून मोहाला जाते,
अंधारात, मायच्या पावलावर पाऊल.
वानर खाकरलं की जागच्या जागी थिजायचं.
टोपलं खाली ठेवायचं नाही, वाजतं.
एवढी वर्षं हे जंगल वाचलं
ते तो दिसू नये म्हणून.
आज त्याच खुणा, तेच कान,
आणि तो दिसावा.
चढणीच्या वाटेनं पाठमोरं उतरावं
तसे पाय चाचपडत होते, बसल्या जागी.

वीस मिनिटं थांबलो. एक भेकर ओरडलं, गप्प झालं.
कुणीतरी चिवड्याचं पाकीट फोडलं.

नाल्याच्या अलीकडे बायका भेटल्या, मोहाची टोपली डोक्यावर.
धुरळा लागू नये म्हणून गवतात सरकल्या,
पदर नाकाशी.
लेन्स उठली.
या पायीच फिरतात? भीती नाही वाटत यांना?
बफरमध्ये गावकऱ्यांना मोह वेचायचा हक्क आहे सर.
उत्तर बरोबर होतं. पूर्ण मार्क.
त्यातली मधली, जिची चुंबळ हिरव्या लुगड्याची,
ती कोण, हे मी सांगितलं नाही.
तिनंही माझ्याकडे बघितलं
ते सरकारी गाडीकडे बघतात तसं,
फक्त नजर बाहीवरच्या पिनेवर
एक क्षण थांबली.

दहाला गेटवर परत. रजिस्टरात रकाने :
गाडी क्रमांक, मार्ग, मार्गदर्शकाचे नाव, दर्शन.
शेवटच्यात भाऊ म्हणाला, निरंक लिह.
लिहिलं. अक्षर चांगलं आलं.
आजोबा उतरताना म्हणाले, झाडं छान सांगितलीत.
लेन्सवाले काही बोलले नाहीत.

संध्याकाळी अंगणात मोह वाळत घातला होता,
वास डोक्यात चढणारा.
पैसे मायच्या हातावर ठेवले. तिनं मोजले नाहीत,
कमरेला खोचले.
"वाघ दाखवलास का व त्याइले?"
नाही दिसला.
"बरं झालं," माय म्हणाली,
आणि मोह पालथा घालता घालता,
वर न बघता,
"नाल्यात बसून होता सकाळी. म्या पायला.
तुमची गाडी गेल्यावर उठला."