चाळीस पौंडांचे चार डबे

मे महिन्यात रस्त्याकडेचा बर्फ काळा पडू लागला
की मी आधी व्हॅन झाडून काढते.
गेल्या हंगामाचं काय काय निघतं तिच्यातून:
एकुलता हातमोजा, भिजून फुगलेलं पावतीपुस्तक,
आणि सिमेंट ओतून भरलेले रंगाचे चार डबे,
प्रत्येकी चाळीस पौंडांचे.
तंबूच्या चार पायांना बांधायचे असतात.
सुपीरियर सरोवरावरून वारा येतो
तो काही चित्रं बघायला येत नाही.

मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या तळघरात वर्ग.
सात जण, एक गळका नळ.
आयली लेहतोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय,
सगळीकडे निळा फासत सुटलीये,
‘इतकं निळं होतं आणि कुणी बोललं नाही मला!’
दंतवैद्य ट्रेवॅरोचे बर्च
दातांसारखे, एका रांगेत, किडके एकही नाही.
आणि वायनो हार्यू.
एकतीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर काढलेला,
फक्त राखाडी मागतो.
मी सांगते, राखाडी असा आयता नसतो घ्यायचा,
निळ्यात थोडा नारिंगी घाला, थांबा, बघा.
तो घालतो. थांबतो. बघतो.
‘बाई, यात लोखंड नाही.’

जून, जुलै. सहा गावं, सहा जत्रा.
पहाटे साडेचारला तंबू उभा करायचा,
शेजारी चमचे ठोकून घंटा बनवणारा,
दिवसभर किणकिण, किणकिण,
रात्री मोटेलात उशीसुद्धा किणकिणते.
लोक येतात. पास्टी खात खात येतात.
एक जण विचारतो, हे नेमकं कुठलं वळण,
मी आनंदाने सांगते,
तर म्हणतो, ट्राउट लागतात का तिथे?
एक बाई पर्समधून टेप काढते,
अडीच इंच जास्त भरतंय म्हणते,
डावीकडून कापून मिळेल का?
डावीकडे झाड आहे, मी म्हणते.
हो, तेच, ती म्हणते.

शनिवारचा हिशेब: नऊ कार्डं, एक छोटी फ्रेम,
जागेचं भाडं, पेट्रोल,
वरून उन्हाने सोललेलं नाक.

ऑगस्टात ओंटोनागनला दुपारी आभाळ एकदम हिरवट झालं.
चमचेवाल्याचा तंबू उठला आणि चालू लागला,
घंटांसकट, एखाद्या वरातीसारखा.
मी माझा खांब मिठीत धरून उभी.
कुठून कोण जाणे, वायनो आला,
दोन गाठी मारल्या, जहाज बांधावं तशा,
आणि पाऊस थांबेपर्यंत माझ्या ‘नोव्हेंबर’पुढे उभा राहिला,
ज्याला मागच्या साली निळी रिबन मिळाली होती.
‘हे पाणी नुसतं वर येतंय,’ म्हणाला.
‘नोव्हेंबरात पाणी आधी खचतं.
मग येतं.’
आभार मानायचे होते.
मी म्हटलं, रिबन मिळालीये त्याला.

ऑक्टोबरात वर्गाचं प्रदर्शन, बँकेच्या लॉबीत.
आयलीचे तिन्ही गेले. ट्रेवॅरोचे बर्च त्याच्या बायकोने घेतले.
वायनो आलाच नाही.
त्याचं चित्र कुंडीमागे,
हाताएवढं, करडं, ओबडधोबड,
त्यापुढे माणसं बोलता बोलता गप्प होत होती.
किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं:
विकायचं नाही. शिवाय अजून ओलं आहे.

माझी एकोणीस परत आली, घोंगड्यांत गुंडाळून.

मग एका गुरुवारी, वारा वायव्येचा होता तेव्हा,
बंधाऱ्यापाशी व्हॅन लावून बसले.
कागद काढला नाही. थर्मास काढला.
पहिली लाट. दुसरी. काही नाही, माझीच लाट होती ती,
रिबनवाली.
मग तळाचे दगड दिसले.
क्षणभर, ओले, तांबूस,
कधी नव्हेत इतके खाली,
आणि मी नकळत ब्रेक दाबला,
गाडी बंद असताना.

घरी येऊन सुरीने लाट खरवडली.
रात्रभर गॅरेजात टर्पेंटाइनचा वास.
खाली अजून काही रंगवलेलं नाही.

डबे मात्र यंदा उतरवले नाहीत.
मागच्या चाकांवर ठेवलेत, दोन इकडे दोन तिकडे.
बर्फात गाडी घसरत नाही म्हणतात,
आणि मंगळवारचा वर्ग हिवाळाभर असतो.