कावळ्याच्या आधी

आबांची डायरी माझ्याकडे असायची.
सहकारी बँकेची, दरवर्षी फुकट मिळणारी.
डाव्या पानावर लग्नं, उजव्या पानावर दहावे.
आबा म्हणायचे, डावं चुकलं तर चालतं, डावखर,
लग्नात कोण आलं नाही हे नवरीलासुद्धा आठवत नाही.
उजवं चुकवू नको.
आणि कावळ्याच्या आधी पोचायचं.
पिंडाला शिवून झाल्यावर आलेला पुढारी
जेवायला आल्यासारखा दिसतो.

म्हणून सहाला अॅम्बेसेडर निघायची आडगावहून,
काचेवर आतून वाफ,
मागच्या सीटवर आबा मेलेल्याचं नाव पुटपुटत,
परीक्षेला निघालेल्या पोरासारखे.
नाव, गाव, सोयरे कुठले, थोरला सातपूरला कुठल्या कंपनीत.
गंगेवर पोचेपर्यंत पाठ.

पुंजाराम टर्ले.
आधी सायकलींची पंक्चरं काढली,
मग सरपंच, मग झेडपी, मग दोनदा आमदार,
अकरा महिने राज्यमंत्री, खातं मत्स्यव्यवसाय.
नाशकाला समुद्र नाही,
तरी सत्कार एवढे झाले
की शालींसाठी वेगळं कपाट घ्यावं लागलं.

‘आधारवड कोसळला’ असं ते कधी म्हणाले नाहीत.
बारकंसं काहीतरी सांगायचे:
या माउलीनं मला पोलिसांपासून कडब्याआड लपवलं होतं,
आणि वर शिंकू नको म्हणून दम दिला होता.
निम्मं मी गाडीत पुरवलेलं,
निम्मं तिथल्या तिथं रचलेलं.
लोक रडायचे. मीसुद्धा, माझंच वाक्य ऐकून.

एकदाच घोटाळा झाला, मखमलाबादच्या दहाव्याला.
श्रद्धांजली वाहिली ती मयताच्या भावाला.
भाऊ समोरच बसलेला. उठून म्हणाला, आबा, मी आहे अजून.
आबा अडखळले नाहीत.
‘आहेस, पण भेटतोस कुठं?’
त्या बूथवर पुढं चारशे बाराचं लीड.

पक्ष बदलला त्या साली
कंपाउंडवर कुणीतरी डांबरानं लिहिलं: दुतोंड्या.
मी चुन्याची बादली घेऊन निघालो. राहू दे, म्हणाले.
संध्याकाळी गाडी गंगेवर घ्यायला लावली.
पूर होता. दुतोंड्या मारुतीच्या कमरेवर पाणी,
पुलावर माणसं, भाजलेल्या कणसांचा धूर.
बराच वेळ बघत राहिले.
‘तोंडं दोन आहेत रे,
पण बुडायला अंग एकच.’

पडले ते सव्वीसशे मतांनी.
दुसऱ्या दिवशी मी गेलोच नाही, म्हटलं आज कशाला.
पावणेसहाला फोन: डावखर, उजव्या पानावर कोण?

मग हळूहळू लोक कळवेनासे झाले.
मी पेपरातल्या निधनवार्ता वाचून पानं भरायचो,
सांगायचो, घरून निरोप आलाय.
ते विचारायचे नाहीत, कुणाच्या घरून.
माइक आता दुसऱ्यांकडे जायचा.
आबा चपला काढून शेवटच्या ओळीत,
ओठ तेवढे हलत असायचे.

त्यांच्या स्वतःच्या दहाव्याला
मंत्र्यांचा ताफा द्वारकेवर अडकला.
माइकवाला हॅलो हॅलो करत होता,
गुरुजी घड्याळाकडे बघत होते.
शेवटी पिंड मांडून ते मागं सरतात न सरतात
तोच कावळा आला, शिवला, गेला.
अकरा वक्ते
घडी घातलेले कागद खिशात चाचपत उभे.
मी पेन काढलं
आणि आबांच्या नावापुढं बरोबरची खूण केली.

पुढच्या पानावर उजवीकडे एक नोंद होती.
आबा गेल्यावर मीच केलेली, सवयीनं:
सोजाबाई निमसे, ओझर. रामकुंड, साडेसात.
सिटी बसनं गेलो. दिवे अजून चालू होते.
सतरंजी अंथरणारा पोरगा थांबला,
म्हणाला, काका,
तुम्ही कुणाकडनं?