किमान शंभर

ॲन्टॉप हिलहून मेहजबीन तांबोळीचा फोन:
"मॅडम, खोली ब्याऐंशी फुटांची आहे,
टेप मी स्वतः दोनदा लावली.
तुमचं मशीन घेत नाही."

मशीन कशाला नाही म्हणेल.
तळाशी कुणीतरी अट लिहून ठेवलेली:
क्षेत्रफळ शंभर, किंवा जास्त.
लाल ओळीत अटीचं नाव होतं:
सिस, अंडरस्कोर, सी, पुढे सात आकडे.
लिहिणाऱ्याने नाव ठेवलं नाही
म्हणून डेटाबेसनेच ठेवलं,
टाकून गेलेल्या बाळाच्या मनगटाला
वॉर्डात नंबर बांधतात, तसं.

वांद्र्याचं ऑफिस, सात वाजून गेलेले, एसी बंद.
टेबलांची खबर ठेवणारीही टेबलं असतात.
त्यांना विचारलं, या घरांवर अटी किती?
एकवीस निघाल्या.
बऱ्याचशा नुसतं 'रिकामं चालणार नाही' म्हणणाऱ्या,
एक पिनकोडची, एक कुटुंबप्रमुखाच्या वयाची.
आणि ही.

कोरगावकर रिटायर होऊन डहाणूला असतात.
"अगं, लोक तिथे शून्य टाकायचे,
एकाने तर मोबाईल नंबर टाकलेला.
काहीतरी लावायला हवं होतं.
शंभरच्या खाली कुणी राहत असेल
असं डोक्यातच आलं नाही."
थोडा वेळ त्यांच्या बाजूने
नुसतं कुत्रं भुंकत राहिलं.

बॅकअप घेतला. परवानगीच्या मेलची वाट पाहिली.
मग अल्टर टेबल, ड्रॉप कन्स्ट्रेंट,
ते सात आकडे बोट ठेवून तीनदा वाचले,
एंटर.
'टेबल बदललं,' एवढंच उत्तर.
भिंतीचा पोपडासुद्धा पडला नाही.

ब्याऐंशी गेलं आत.

घरी निघता निघता उगाच विचारलं
बरोबर शंभर फुटांच्या खोल्या किती?
चार हजार तीनशे सोळा.
नव्व्याण्णवची एकही नाही. एकशे एकच्या अकरा.
बाकी गल्लीच्या गल्ली,
मोरीसकट, माळ्यासकट, चुलत्याच्या वाट्यासकट
तंतोतंत शंभर.

"फॉर्म पुढे सरकायचा नाही ना मॅडम,"
मेहजबीन म्हणाली. "रांग लागलेली असायची."

अट काढायला एक ओळ पुरली.
या शंभरांखाली काय होतं
ते कुठल्याच बॅकअपमध्ये नाही.

"टेप आहे ना अजून तुझ्याकडे?"
"आहे. पहिला इंच तुटलाय,
तो मी वजा करते."